कवी नामदेव ढसाळ गेले... विदर्भातल्या खेड्यापाड्यात कोणाकोणानं वाचलं त्याईले? इथं लिहा

कळंबकर | 15 जानेवारी 2014, सकाळी 9:12

आत्ता टीव्हीवर खाली पट्टी पाहिली. नामदेव ढसाळ गेले. पहाटे, बॉम्बे हॉस्पिटलमध्ये. कॅन्सर होता, सप्टेंबरपासून भरती होते म्हणतात. वय 64. पुढच्या महिन्यात 15 तारखेला 65 झाले असते.

काल 14 जानेवारी, नामविस्तार दिन, मराठवाडा विद्यापीठाले बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. आमच्या विहारात दरवर्षीसारखी भाषणं झाली, 1994 चं सारं पुन्हा सांगून झालं, पोट्ट्यांनी घोषणा दिल्या आणि त्याच रात्री हा माणूस तिकडं जाऊन राहिला होता, कोणालेच माहीत नाही. वावरात कापूस वेचाले बाया लागल्या आहेत, त्याईले सांगून घरी आलो, कामात मनच नाही लागून राहिलं.

धागा याच्यासाठी काढला की मुंबई-पुण्याचे लोक लिहितीन, पेपरवाले लिहितीन, पण आपल्या इकडं ढसाळ कसा पोचला ते कोणी नाही लिहिणार. पुस्तक कुठून मिळालं, कोणापासून लपवून वाचलं, काय झालं वाचून, ते लिहा. नुसतं 'विनम्र अभिवादन' टाकून जाऊ नका राजेहो.

मी सुरू करतो. त्याईचा कवितासंग्रह 'गोलपिठा' मले झेरॉक्सवर मिळाला, यवतमाळले होस्टेलवर असताना. कितव्या हाताची झेरॉक्स होती काय माहीत, अक्षरं फिक्की, पिना गंजलेल्या, आणि खालचे पान नंबर झेरॉक्स करताना कापले गेलते. त्यामुळं कोणती कविता कुठं संपते, पुढचं पान कोणतं, हे आम्ही चौघं पोट्टे रात्री भांडून ठरवत होतो. मी तोपर्यंत मुंबई पाहिली नव्हती. कामाठीपुरा काय, ढोर चाळ काय, ते दर्गे, ते मुजरे, ते भडवे, ते दारूचे गुत्ते, काहीच माहीत नव्हतं. आमचं गाव म्हणजे पऱ्हाटी, तूर आणि नाल्यापलीकडची आमची वस्ती. तरी एक गोष्ट पहिल्याच रात्री डोक्शात घुसली, की ह्या पुस्तकात कोणीच हात जोडून उभं नाही. कॉलेजात दलित साहित्याचा धडा आला की सारा वर्ग मागं वळून आमच्याकडं पाहे, आणि त्या पाहण्यात कीव राहे, मले ती कीव सहन नाही होत होती, आणि इथं हा माणूस असं लिहून राहिला होता की वाचणाऱ्याची कीव करायची हिंमतच होऊ नये. तिथून मी मान वर करून वर्गात बसाले लागलो. एवढं त्याचं देणं आहे माझ्यावर.


पवनीकर | सकाळी 9:40

काही सुचून नाही राहिलं जी. सांजच्याला लिहितो. जय भीम.


मास्तर_चिखली | सकाळी 10:25

कळंबकर, बरं केलंत धागा काढला. शाळेत आहे, दोन तासांच्या मध्ये लिहितोय, त्यामुळे तुटक होईल.

नवीन मुलांसाठी थोडं मागचं सांगतो. जन्म 15 फेब्रुवारी 1949, पुणे जिल्ह्यातलं पूर-कनेरसर. लहानपणीच मुंबईत आले, वडील खाटकाकडे कामाला. स्वतः टॅक्सी चालवली. 'गोलपिठा' आला 1972 साली, म्हणजे वय फक्त तेवीस, आणि प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर ढसाळांसोबत कामाठीपुऱ्याच्या त्या वेश्यावस्तीत फिरले आणि मग लिहायला बसले. त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार आणि बाकीच्या तरुणांबरोबर दलित पँथर ही लढाऊ संघटना काढली. अमेरिकेत काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून ते नाव घेतलं होतं.

आता कवितेचं. साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकांची चळवळ झाली, अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, राजा ढाले, ही सगळी प्रस्थापित मासिकांना शिंगावर घेणारी माणसं. ढसाळ त्याच वातावरणातून वर आले. पण बाकीच्यांपैकी बरेच जण ज्या जगात उतरून बघत होते त्या जगातच ढसाळ वाढले होते, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो. त्यांच्या कवितेत गटार आहे, पू आहे, गुप्तरोग आहे, शिव्या आहेत, आणि त्याच ओळीत एकदम इतकी मोठी करुणा येते की वाचणारा हादरतो. नुसत्या शिव्या वाचून ज्यांनी पुस्तक खाली ठेवलं त्यांच्यापर्यंत ती करुणा पोचलीच नाही. कोलटकर 2004 ला गेले, चित्रे 2009 ला. चित्र्यांनी ढसाळांच्या कविता इंग्रजीत नेल्या, 2001 ला ढसाळ बर्लिनच्या साहित्य महोत्सवापर्यंत जाऊन आले. आता तेही गेले. मला आज फार एकटं वाटतंय.

घंटा झाली, नंतर येतो.


सिस्टर_पांढरकवडा | दुपारी 12:05

सगळे कॅन्सरचं बोलून राहिले म्हणून लिहिते. त्याईले आधीपासून दुसरा आजार होता, मायस्थेनिया ग्रेव्हिस. 1981 पासून. मी दवाखान्यात काम करते, असा पेशंट जवळून पाहिला आहे. ह्याच्यात नसांकडून स्नायूले जाणारा निरोपच नीट पोचत नाही. सकाळी माणूस बरा वाटते, दुपारनंतर पापण्या आपोआप खाली येतात, एकाची दोन दिसतात, घास गिळता येत नाही, बोलता बोलता आवाज बसून जाते, आणि जास्त झालं तर श्वासाचे स्नायूही थकतात. घरच्याईले वाटते आळस करून राहिला. हातात पेन धरणं हेही त्याच्यात काम असते.

अशा अंगानं तीस वर्षांच्या वर काढले त्याईनं आणि त्याच्यातच 'खेळ' आलं, 'या सत्तेत जीव रमत नाही' आलं, 2005 ले 'मी मारले सूर्याच्या रथाचे सात घोडे' आलं. मी कवितेची जाणकार नाही, पण हा जोर कुठून आणला असन हे मले माझ्या कामामुळं कळते, आणि म्हणून डोळ्यात पाणी येते.


मेहकर_फाटा | दुपारी 1:30

माणूस गेला, दुःख मलेही आहे. पण हे गोड गोड लिहिणं मी करणार नाही. माझं वय साठीच्या पुढं आहे, मी सारं डोळ्यानं पाहेल आहे.

आणीबाणी आली तेव्हा हा माणूस इंदिरा गांधींच्या बाजूनं उभा राहिला. 1976 ले 'प्रियदर्शिनी' नावाचं पुस्तक केलं त्याईच्यावर. त्याच्या आधीच पँथर फुटली होती 1974 ले, ढाले एकीकडं, ढसाळ एकीकडं, आणि इकडं गावागावात ज्या पोट्ट्यांनी छावणीचे, म्हणजे शाखेचे, बोर्ड लावले होते ते मधात लटकले. आमच्या गावच्या विहिरीच्या भिंतीवर आम्ही काळ्या रंगानं पँथर काढला होता, गावातल्या बड्या लोकांनी दोनदा चुना फासला, आम्ही पुन्हा काढला, आणि मग बातमी आली का आपल्याच लोकांचे दोन तुकडे झाले. कोणाच्या नावानं काढावा मग तो पँथर?

नंतर मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर आलं. विधिमंडळात ठराव झाला जुलै 1978 मध्ये आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. ऑगस्टमध्ये नागपुरात गोळीबार झाला, इंदोऱ्यातलं शहीद स्मारक त्याचंच आहे. 1979 ले जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून निघाला तो आमच्याच भागातून गेला, खडकपूर्णेच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या लोकांनी, बायाईनं सुद्धा. त्या लोकाईले कोणी पद्मश्री दिली नाही. आणि ज्याले दिली तो पुढं जाऊन 'सामना'त सदर लिहाले लागला, ज्या शिवसेनेशी 1974 ले वरळीत रस्त्यावर लढाई झाली, ज्या धुमाळीत आपला भागवत जाधव मेला, त्याच शिवसेनेच्या पेपरात. हे मले आजही सोसत नाही, आणि मेला म्हणून मी ते विसरणार नाही.

कविता मोठी होती. त्याच्याबद्दल वाद नाही.


कळंबकर | दुपारी 2:10

दादा, तुमचा शब्द न् शब्द मंजूर. हे इथंच लिहायले पायजे होतं आणि आजच लिहायले पायजे होतं. मले ढसाळांचा फोटो हार घालून भिंतीवर टांगायचा नाही आहे. ज्याईनं आयुष्यभर कोणाचीच भीड ठेवली नाही त्याईच्याबद्दल आपण भीड ठेवून बोललो तर ते त्याईच्यावरच अन्याय होईन.

माझं एवढंच म्हणणं आहे की राजकारणात त्याईनं जे केलं त्याचा हिशेब द्या, पण 'गोलपिठा' त्या हिशेबात जमा करून टाकू नका. ते पुस्तक त्याईच्या हातातूनही कधीचंच सुटलं होतं, आमचं झालं होतं.


निळाई | दुपारी 3:45

हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडा दादाहो. सकाळपासून वाचून राहिली, एकानंही मल्लिकाताईंचं नाव घेतलं नाही.

मल्लिका अमर शेख, शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री. 1984 ले त्याईचं आत्मकथन आलं, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. ढसाळांच्या सोबतच्या संसाराबद्दल इतकं उघडं मराठीत कोण्या बाईनं लिहिलं नव्हतं. मारहाण, दारू, आजार, चळवळीतल्या लोकांची घरात वर्दळ आणि त्याच्यात एका विशीतल्या पोरीची होणारी दशा, सारं.

मले हे पुस्तक माझ्या मावशीनं दिलं, अंगणवाडीत आहे ती. तिनं त्याले वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि वर पेनानं 'पोषण आहार नोंद' लिहिलं होतं, घरात कोणी उघडून पाहू नये म्हणून. आतमध्ये जागोजागी पेन्सिलच्या रेघा. कोणत्या ओळीखाली रेघा होत्या ते पाहून मले मावशीच्या घरचं सारं समजलं, तिनं तोंडानं कधीच काही सांगितलं नाही.

'गोलपिठा' मी त्याच्या नंतर वाचला. आणि तरी आवडला, हे सांगतानी मले लाज वाटत नाही. वेश्यावस्तीतल्या बायांवर इतक्या मायेनं लिहिणारा माणूस घरच्या बाईशी असा वागला, हे दोन्ही खरं आहे आणि मले दोन्ही वागवावं लागते. तुमच्यापैकी ज्याईनं एकच पुस्तक वाचलं असन त्याईनं दुसरं वाचल्याशिवाय ढसाळांवर प्रेम आहे असं म्हणू नये.


सिस्टर_पांढरकवडा | दुपारी 3:58

ताई, मावशीले माझा जय भीम सांगा.


धुऱ्यावरचा | सायंकाळी 5:20

मी तुमच्या समाजाचा नाही, कुणबी आहे, चार एकर कोरडवाहू, बँकेचं आणि सावकाराचं दोन्ही कर्ज आहे. लिहू की नको असं झालं होतं.

मले ढसाळ कवितेतून नाही भेटले, पँथरच्या जाहीरनाम्यातून भेटले. मित्राच्या घरी धान्याच्या कोठीवर पडून होतं ते पत्रक, 1973 चं. त्याच्यात दलित कोण हे सांगितलं आहे, अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, राजकीय आणि आर्थिक आणि धर्माच्या नावावर ज्याची ज्याची पिळवणूक होते तो. मी धुऱ्यावर बसून ते वाचलं आणि 'गरीब शेतकरी' ह्या ठिकाणी थांबलो. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं होतं का ते लोक वेगळे, त्याईचे नेते वेगळे, त्याईचं आपल्याशी काही नाही. आणि इथं त्याईच्यातले पंचवीशीतले पोट्टे आमच्या बापाले आपल्यात मोजून बसले होते, आमच्या बापाले पत्ताच नव्हता.

बाप 2006 ले गेला. कसा गेला ते लिहित नाही, विदर्भातले सारे समजून घेतात.


मेहकर_फाटा | सायंकाळी 5:50

भाऊ, बरं केलं लिहिलं. तुमच्या बाबांचं वाचून मन भरून आलं.

एक सांगतो पण. ह्याच व्याख्येवरून पँथर फुटली. ढालेंच्या बाजूच्या लोकाईचं म्हणणं होतं का हे सारं कम्युनिस्ट वळणाचं आहे, बाबासाहेब आणि बुद्ध मागं पडून राहिले. तेव्हा मी ढालेंच्या बाजूनं होतो. आजही माझं मत आहे का गरीब शेतकरी गरीब असला तरी गावाच्या आत राहते आणि आम्ही गावाच्या बाहेर, विहीर तुमची राहते, पोळ्याच्या तोरणात मान तुमचा राहते. हे विसरून एकत्र येता येत नाही. हे लक्षात ठेवून या, मग आमची काही ना नाही.


धुऱ्यावरचा | सायंकाळी 6:02

लक्षात ठेवूनच आलो दादा.


पवनीकर | रात्री 8:15

सकाळी लिहितो म्हटलं होतं ते आता लिहितो जी.

खैरलांजी, जिथं एका बौद्ध घरच्या चौघाईले मारून टाकलं, ते आमच्याच भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुका. 29 सप्टेंबर 2006. तेव्हा मी अकरावीत होतो. पहिले काही दिवस पेपरात काहीच नाही आलं नीट, आणि गावात मोठी माणसं हळू बोलत, आमच्या घरी तर बाबानं सांगून ठेवलं होतं, बाहेर ह्याच्यावर तोंड उघडायचं नाही, कॉलेजात जायचं आणि सरळ घरी यायचं. मले रात्री झोप नाही येत होती. राग कुठं ठेवू समजत नव्हतं. रडलो तर बाबा घाबरे, ओरडलो तर आई घाबरे.

दोन ऑक्टोबरलाच त्या वर्षी दसरा होता, पण दीक्षाभूमीवर पुस्तकाचे स्टॉल दोन-तीन दिवस राहतात, तिथं मामानं 'गोलपिठा' घेऊन दिला, त्याले वाटलं भीमगीताचं पुस्तक असन. नागपूर-पवनी एसटीत मागच्या सीटवर बसून वाचला. 'माणसाने' नावाची कविता आहे त्याच्यात. सुरुवातीला ती सगळ्यायची राखरांगोळी करा म्हणते, सारं काही उद्ध्वस्त करा म्हणते, पानभर तेच, मी घाबरलो वाचून, आणि शेवटाकडं येता येता तीच कविता माणसाचंच गाणं गाते. मले तेव्हा समजलं की एवढा राग आला म्हणून मी वाईट पोरगा नाही, आणि रागाच्या पलीकडं जायची वाटही रागातूनच जाते. कोणत्या सरांनी नाही सांगितलं मले हे. बाबानं तर नाहीच.

आज मी शिक्षक आहे. बस एवढंच.


मास्तर_चिखली | रात्री 9:05

पवनीकर, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काहीच लिहिता आलं नाही.

उद्याच्या पेपरांत काय येईल याची मला काळजी वाटते. 'विद्रोही महाकवी', 'शब्दांचा अंगार', पद्मश्री 1999, साहित्य अकादमीचा जीवनगौरव 2004, ही सगळी यादी येईल, आणि कवितेतली एक ओळही छापता येणार नाही कारण ती घरोघरी जाणाऱ्या पेपरात बसत नाही. मग हळूहळू शाळेच्या पुस्तकात त्यांची एखादी सगळ्यात सोज्वळ कविता जाईल आणि मुलं समजतील की ढसाळ म्हणजे असेच काहीतरी. तसं होऊ द्यायचं नसेल तर वाचणाऱ्यांनी मोठ्याने, सगळ्यांसमोर, पूर्ण कविता वाचल्या पाहिजेत.


कळंबकर | रात्री 9:30

मग वाचूच. येत्या रविवारी, 19 तारखेला, आमच्या विहारात. सकाळी 11 पासून. भाषणं नाही, हार नाही, फक्त वाचन. ज्याले जे पुस्तक भेटलं ते घेऊन या.


वैनगंगा_67 | रात्री 9:55

कळंबकर, विचार करा. विहार आहे ते. पंचशील म्हणतो आपण तिथं. तथागतांच्या मूर्तीसमोर आयाबहिणींदेखत त्या शिव्या, ते सारं वाचणार? मले ढसाळ प्रिय आहे, पण बाहेर समाज मंदिरात घ्या ना.


निळाई | रात्री 10:10

आयाबहिणींचं आयाबहिणीलेच विचारा. त्या शिव्या आम्ही रोज ऐकतो, नळावर, रोजगार हमीच्या कामावर, घरात. लिहिलेल्या ऐकून आम्ही मरणार नाही. उलट कोणीतरी त्या आमच्या अंगावर टाकायच्या ऐवजी टाकणाऱ्याच्या अंगावर टाकल्या हे आम्हाले ऐकू द्या.


वैनगंगा_67 | रात्री 10:25

तुमचं बरोबर आहे ताई, पण मले मूर्तीसमोरचं पटत नाही. माझा विरोध नोंदवून ठेवा. येईन मी तरी.


मेहकर_फाटा | रात्री 10:40

आमच्या घरच्या बुढीले विचारलं आत्ता. वय 80 च्या वर, 14 ऑक्टोबर 1956 ले नागपुरात दीक्षा घेतलेली, बैलबंडीतून गेलती. ती म्हणे, बुद्ध वंदना आधी घ्या, मग विहाराच्या अंगणात बसा आणि वाचा, मूर्तीकडं पाठ करू नका, बस. तिच्या वर कोणाचं चालत नाही आमच्याकडं.

'प्रियदर्शिनी' पण वाचा म्हणतो मी. तेही त्याईनंच लिहेल आहे. मी आणतो.


कळंबकर | रात्री 10:52

ठरलं. आधी वंदना, मग अंगणात सतरंजी. पहिलं वाचन निळाईताई 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मधून करतीन, मग पवनीकर 'माणसाने' वाचतीन, मग मेहकरवाले दादा, मग ज्याले जसं जमन तसं. वैनगंगा दादा, तुम्ही याच, तुमच्याशिवाय मजा नाही. जेवण वरण-भात-भाजी, आमच्या वस्तीतल्या बायाईनं आत्ताच हो म्हटलं, पण भांडे घासाले पोट्टे राहतीन, बाया नाही. हे आधीच सांगून ठेवतो.


धुऱ्यावरचा | रात्री 11:05

मी येऊ का? आमच्या गावचे आणखी दोघं म्हणून राहिले.


कळंबकर | रात्री 11:07

विचारता काय भाऊ. यवतमाळवरून वर्धा लाइनची कोणतीही एसटी पकडा, कळंबच्या स्टॅंडवर उतरा, मी गाडी घेऊन उभा राहतो. जाहीरनाम्याचं ते पत्रक असन तर घेऊन या, तेही वाचू.


धुऱ्यावरचा | रात्री 11:15

मित्राकडं आहे, उद्या सकाळी जाऊन आणतो. फाटलं आहे थोडं पण वाचता येते.